मुठीतलं धान

३ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची! निघताना आईची कुरकुर चालूच होती, की एकतीस वर्षांची झालीस रिता, आता काय नोकऱ्या बदलायचं वय आहे. म्हटलं, आई, शिकवणीच्या पोरांकडून स्पेलिंगं घोकवून घोकवून माझ्या एम.ए.ला बुरशी चढली, जाऊ दे मला. भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरले, ऑटो केला, वैनगंगेचा लांबलचक पूल ओलांडला की कारधा. ऑटोवाल्यानं आरशातून बघत विचारलं, ‘सांजसावली’त तुमचं कोण भरती आहे. मी म्हटलं, कोणी नाही, मी इंग्रजी शिकवायला आले. तर म्हणतो कसा, मॅडम, तिथं तं लोकं मराले येतेत, त्यायले कायले इंग्रजी! इतकी हसले की छत्री ऑटोतच राहिली.

त्याचं अर्धं खरं आहे. ‘सांजसावली’ हे बारा खाटांचं शुश्रूषा केंद्र. दवाखान्यानं ‘घरी न्या’ म्हटलेली आणि घरी करणारं कोणी नसलेली माणसं इथं खाली असतात. वरच्या मजल्यावर नऊ मुलींचा वर्ग. त्यांना परदेशातल्या वृद्धाश्रमांत नोकरीला जायचंय आणि तिथं लागतं ते इंग्रजी मी शिकवायचं. ‘हाऊ आर यू’ वगैरे नाही. शेवटच्या दिवसांतल्या माणसाशी कसं बोलायचं, त्याच्या घरच्यांना वाईट बातमी कशी द्यायची, गेल्यावर काय म्हणायचं, ते सगळं. असलं काही मी कधी शिकवलेलं नाही, पण शब्दकोश आणि जीभ दोन्ही माझ्याकडे आहेत.

मालक घनश्याम बांते सर गोल चेहऱ्याचे, बोलके. माझी खोली वर्गामागे. खिडकीतून नदी आणि वाळूतल्या डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-खरबुजांचे मळे, दिसतात. सरांनी पहिल्याच दिवशी एक टरबूज पाठवलं. अर्धं मी एकटीनं संपवलं.

६ मार्च, गुरुवार

मुली गोड आहेत, पण इंग्रजी ऐकून कानात बोटं घालावीत. फळ्यावर लिहिलं: पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं सुसह्य करणारी शुश्रूषा, टर्मिनल इलनेस, प्रोग्नोसिस, बिरीव्हमेंट म्हणजे मागं उरलेल्यांचा शोक. प्रोग्नोसिस म्हणजे काय विचारल्यावर एकीनं सांगितलं, डॉक्टरले किती दिवस वाटतेत ते. शंभर टक्के बरोबर! ‘एक्स्पायर झाला’ या शब्दावर मात्र मी बंदी घातली. इथं उठल्यासुटल्या सगळे तेच म्हणतात. माणूस म्हणजे काय बिस्किटाचा पुडा आहे का? ‘पास्ड अवे’ म्हणा, शांतपणे म्हणा, आणि म्हणताना घड्याळाकडे पाहू नका.

वर्गात रक्षा म्हणून एक मुलगी आहे, बपेऱ्याची. बाप मंगरू गावच्या तलावात मासे धरतो. सगळ्यात काळी, सगळ्यात बारीक, आणि सगळ्यात हुशार. बाकीच्या वाक्यं पाठ करतात. रक्षा ते वाक्य खरंच कोणाला तरी सांगत असल्यासारखी बोलते. आयर्लंडच्या एका वृद्धाश्रमाची मुलाखत आहे तिची, या महिन्याच्या शेवटी. बपेऱ्यातून विमानात बसणारी ती पहिली असेल. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, मला तर पहिल्याच दिवशी कळलं की ही पोरगी जाणार.

११ मार्च, मंगळवार

आज डोकं फिरलं. दुपारी तीन ते चार आम्ही खाली वॉर्डात सराव करतो. सहा नंबरच्या आजोबांचं आता-मग चाललेलं. मालनबाई, इथली सगळ्यात जुनी आया, त्यांच्याजवळ बसली होती. तिनं त्यांचा हात उघडला, पदरातून चिमूटभर धान काढलं, साळ, टरफलासकट, आणि त्यांच्या मुठीत ठेवून मूठ मिटली. आजोबांनी विचारलं, बसशील ना गं. तर म्हणते, पाहून राहिलो बाबा, जमलं तं बसतो.

मरणाऱ्या माणसाला असं उत्तर! बाहेर नेऊन विचारलं, हे काय आहे. ती चिखल्याची, नवरा मॅंगनीजच्या खाणीत खाली उतरायचा. म्हणाली, माह्या मायची रीत आहे. जानाऱ्याचा हात रिकामा ठेवू नाई बाई, रिकामा हात मंग धरतच राह्यते. अन् मरनाऱ्याले पक्का शब्द देऊ नाई. जित्याले देलेला शब्द माफ होते, मेल्याले देलेला कोन माफ करन?

आमच्या घरात हे असलं काही चालत नाही. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली देव, अंगारे, गंडे सगळं एका फडक्यात बांधून नदीत सोडलं, आणि मी त्यांची नात. म्हटलं, मालनबाई, दाणा घशात गेला तर जबाबदार कोण? वर जाऊन चार्ट लिहिला आणि वॉर्डाच्या भिंतीवर चिकटवला. एक: रुग्णाच्या हातात जी वस्तू असेल ती हळूच काढून घ्यावी. दोन: हात रिकामा झाला की आपला हात द्यावा. तीन: डोळ्यांत बघून म्हणावं, आय ॲम हिअर, आय ॲम नॉट गोइंग एनीव्हेअर. मग मराठीत, मी इथंच आहे, मी कुठंही जात नाही.

वर्गात रक्षाला बाकावर आडवं केलं, तिचा हात धरला आणि म्हणून दाखवलं. मुली फिदीफिदी हसल्या, पण रक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मॅम, असं कोणी म्हटलं तं मरायचीबी भीती वाटणार नाही. मालनबाईला वाचता येत नाही. तिनं चार्ट कोणाकडून तरी वाचून घेतला आणि धानाची पुरचुंडी कमरेला खोचून निघून गेली.

१९ मार्च, बुधवार

चार नंबरच्या शकुनबाई आज गेल्या. पास्ड अवे पीसफुली, खरोखर पीसफुली. मुलाखत जवळ आलीय म्हणून मी रक्षालाच त्यांच्याजवळ बसवलं आणि बाजूला खुर्ची टाकून स्वतः पाहत राहिले. तिनं हात दिला, वाक्य म्हटलं, दोन्ही भाषांत. म्हातारी इंग्रजीवर हसली, मराठीवर तिनं मान हलवली, आणि दहा मिनिटांनी गेली. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. वहीत दहापैकी दहा दिले.

हात सोडवायला मात्र वेळ लागला. शकुनबाईंची पकड एक-एक बोट करून मालनबाईनं सोडवली. रक्षाची करंगळी शेवटी सुटली, पांढरीफटक झाली होती. चोळून दिली.

२ एप्रिल, बुधवार

पेढे खाऊन गोड झालंय तोंड. रक्षाची निवड झाली! पंधरा मेचं विमान. तिकडच्या बाईंनी मुलाखतीत विचारलं म्हणे, हे वाक्य तुला कोणी शिकवलं. घनश्याम सर तर हवेतच आहेत. त्यांनी माझ्या चार्टचं आणि शब्दांच्या यादीचं चाळीस पानी पुस्तक करायला दिलंय, ‘अखेरच्या तासांचं इंग्रजी’. पाचशे प्रती. तुमसर, गोंदिया, चंद्रपूर, जिथं जिथं असे वर्ग आहेत तिथं जाणार. मुखपृष्ठावर माझं नाव! आईला फोन केला तर म्हणते, मरणाचं पुस्तक, घरात कुठं ठेवू. माझी आई म्हणजे अवघड आहे.

या पंधरवड्यात रक्षाच्या हातात आणखी दोघं गेली. दोन नंबरची आजी आणि नऊ नंबरचे श्यामराव. श्यामराव तुमसरचे, पोस्टात होते, शेवटपर्यंत शुद्धीवर. रक्षाचं वाक्य ऐकून त्यांनी विचारलं होतं, खरंच जाणार नाहीस ना, का नुसतं पुस्तकातलं आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं ‘म्हण’ म्हटलं. ती म्हणाली, खरंच नाही जाणार आबा.

एक गंमत. आज ऑक्सिमीटर वापरायचा सराव होता, बोटाला लावायचा तो चिमटा. रक्षाच्या उजव्या करंगळीला लावला तर आकडाच येईना, नुसत्या दोन रेघा. शेजारच्या बोटाला रेघा. मधल्या बोटाला रेघा. तर्जनीला अठ्ठ्याण्णव. माझ्या प्रत्येक बोटाला अठ्ठ्याण्णव. एकजण म्हणाली, रक्षाची तीन बोटं अगोदरच आयर्लंडला पोचली. खूप हसलो. सेल बदलायला सांगितलाय.

११ एप्रिल, शुक्रवार

रक्षा व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला नागपूरला जाऊन आली. यंत्रानं तिची तीन बोटं घेतली नाहीत. तिथला माणूस वैतागून म्हणाला, ताई, बोटं काचेवर ठेवा ना. ती ठेवलेलीच होती. शेवटी डाव्या हातावर आणि उरलेल्या दोन बोटांवर भागलं. जाताना पुलावर हात जड झाला होता म्हणाली, आणि परत या बाजूला आल्यावर हलका झाला.

पाहिलं मी. त्रेचाळीस डिग्रीत तिची ती तीन बोटं माठातल्या पाण्यासारखी गार. रक्ताभिसरण, दुसरं काय. लोहाच्या गोळ्या लिहून आणल्या.

२२ एप्रिल, मंगळवार

अकरा नंबरचे काका गेल्या आठवड्यात, पाच नंबरची मावशी आज. दोन्ही वेळा रक्षाच होती. मीच बसवलं, जायच्या आधी जेवढा सराव होईल तेवढा बरा म्हणून. आज मावशी गेल्यावर मी गुपचूप ऑक्सिमीटर आणला. तर्जनी, रेघा. अंगठा, रेघा.

पाच माणसं. पाच बोटं. हे मी लिहितेय आणि मलाच माझा राग येतोय. मी काय आता बोटं मोजत बसू? पण मोजली तर खरी.

२५ एप्रिल, शुक्रवार

तीन वाजता खाली घंटी वाजली. प्रत्येक खाटेला एक घंटी असते, वर पाटीवर नंबर लागतो. चार नंबर. शकुनबाईंच्या जागी कोणी नाही. तिथं आलेला नवा पेशंट घरच्यांनी दोन दिवसांत परत नेला. मी गेले, बटण उशीवर होतं, गादी मधोमध दबलेली. दुरुस्तीवाल्याला सांगते म्हटलं. तेवढ्यात दोन नंबर वाजली, तीही खाट रिकामीच. मग नऊ. मग अकरा. मग पाच.

रक्षा दारात उभी होती. ती चालत चार नंबरशी गेली आणि खाली बसली, रोज सरावाला बसते तशी. उजवा हात गादीवर ठेवला. त्या हाताची बोटं एकमेकांवर दाबली जात होती, कोणी मुठीत धरल्यासारखी, आणि ती मला म्हणाली की मॅम, मी नाही करून राहिली हे. चार वाजले तशी घंटी थांबली, हात सुटला.

भर दुपार होती. खिडकीतून डांगरवाडीतली माणसं दिसत होती. कूलर चालू होता.

२९ एप्रिल, मंगळवार

मालनबाईच्या पायाशी जाऊन बसले. छप्पन्न सालची नात! असू दे.

तिनं सांगितलं ते असं. बाकी मुलींच्या वेळी ती माझी पाठ वळली की मुठीत धान ठेवायची. त्यामुळे ती माणसं सुटून गेली. फक्त रक्षाच्या वेळी ठेवता आलं नाही, कारण रक्षाच्या वेळी मी खुर्ची टाकून पाहत होते. तिच्या पाचही जणांना रिकामा हात मिळाला, त्यात रक्षाचा हात मिळाला, आणि वर पक्का शब्द. मी कुठंही जात नाही. ते तो शब्द धरून आहेत. वाईट लोकं नाहीत ते, मालनबाई म्हणाली, पन त्यायले तिनं म्हटलं बसतो म्हनून, मंग ते वाट पाहून राहिले.

म्हटलं, आता धान ठेवू गादीवर. ती म्हणाली, मेल्यावर मूठ उघडत नाई बाई.

मी केलं हे. रक्षानं नाही, मी. दहापैकी दहा दिले मी.

५ मे, सोमवार

रक्षाला सामान आणायला बपेऱ्याला जायचं होतं. मी सोबत निघाले. ऑटोत ती डावीकडे, मी उजवीकडे. पुलावर येईपर्यंत ठीक होतं. मग तिचा हात आपोआप मागे गेला, सीटच्या वरून, मागच्या पडद्यातून बाहेर. जणू कोणी मागून धावत येऊन धरलाय. ऑटो पुढे जात होता, हात मागे. ती ओरडली. खांद्यातून कट्ट असा आवाज आला. मी ऑटोवाल्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, वळव म्हणून. वळलो, आणि हात सैल होऊन तिच्या मांडीवर पडला.

तासाभरानं पुन्हा गेलो. पायी. तिसऱ्या खांबापाशी ती पाठीवर पडली आणि हातानं फरफटत चार पावलं मागे आली. ट्रकवाले हॉर्न मारत होते. कोणाला काही दिसलं नाही, फक्त दोन बाया रस्त्यात पडलेल्या.

दहा दिवस राहिलेत.

१० मे, शनिवार

मंगरू आला होता. पोरगी येत नाही म्हणून तोच आला. नवी निळी बॅग, त्यात सुक्या माशांचं पाकीट, परदेशात भेटते का नाई म्हणून. माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, बाईसाहेब, अख्ख्या गावाले सांगून ठेवलं, माही पोरगी इमानात बसन. तुमी नसत्या तं कायचं इमान अन् कायचं काय. रक्षानं उजवा हात ओढणीखाली लपवला होता. त्याला वाटलं ती लाजते.

तो गेल्यावर रक्षा म्हणाली, मॅम, बाबाले सांगू नका, मी इथंच राहीन, इथंबी नोकरीच आहे ना. बावीस वर्षांची पोर. तिनं हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आणि तिला पोटाशी धरावंसं वाटलं.

मालनबाईकडे पुन्हा गेले. काहीतरी असेल, म्हटलं. तिनं सुपातलं धान पाखडून संपवलं. मग म्हणाली, शब्द मोडता येत नाई, पन उचलता येते. दुसरं कोनी आपल्या मनानं उचललं तं. मी विचारलं, उचलणाऱ्याचं काय होतं. ती म्हणाली, तो बसते.

१२ मे, सोमवार

पळून जाता येईल. माझी बोटं अजून अठ्ठ्याण्णव आहेत. संध्याकाळची बस आहे नागपूरला, आई आहे, शिकवणीची पोरं आहेत. मी बॅग भरली. खरंच भरली. कुलूप लावताना वर्गातून रक्षाचा आवाज आला, ती फळा पुसत वाक्यं म्हणत होती. सॉरी फॉर युअर लॉस. इज देअर एनीवन यू वुड लाइक मी टू कॉल. एकटीच, रिकाम्या बाकांना.

बॅग उघडली.

१३ मे, मंगळवार

तीन वाजता. घंट्या सुरू झाल्यावर. मी रक्षाला काही सांगितलं नाही, नुसता तिचा उजवा हात धरला. गार. चार नंबरशी बसले, शकुनबाईंना म्हटलं, हिला जाऊ द्या. मी इथंच आहे. मी कुठंही जात नाही. मराठीतच म्हटलं. करंगळीत सुई शिरल्यासारखं झालं, मग काहीच नाही. रक्षाची करंगळी लाल होत गेली.

मग दोन. मग नऊ. श्यामरावांनी रक्षाला विचारलेलं आठवलं, नुसतं पुस्तकातलं आहे का. म्हटलं, नाही आबा, पुस्तकातलं नाही. मग अकरा. मग पाच.

रक्षाला कळलं तेव्हा ती माझा हात ओढून रडायला लागली. मी तिला रागावले. आयुष्यात कोणाला रागावले नसेन इतकी. ऑक्सिमीटर लावला. तिची पाचही बोटं सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

माझ्या उजव्या हाताला रेघा.

१५ मे, गुरुवार

पुलाच्या मधोमध थांबून तिनं फोन केला. मॅम, काहीच नाही झालं! मागून मंगरूचा आवाज, ट्रकांचे हॉर्न. पूल संपेपर्यंत फोन चालू ठेव म्हटलं. संपला पूल. मी खिडकीत बसून पोटभर रडले. आनंदानं, खरंच आनंदानं. हे लिहून ठेवते, पुढं विसरायला नको.

१९ मे, सोमवार

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर पाहा, पहिलीतल्या पोराचं.

रोज तीन वाजता खाली जाते. जाते म्हणजे, नेतात. पाळीपाळीनं बसते. वाईट नाहीत ते, मालनबाई बरोबर म्हणाली. पण आज ते बोलले. शकुनबाई, ज्यांना कधी एबीसीडी येत नव्हती— आय ॲम नॉट गोइंग एनीव्हेअर. माझ्याच उच्चारात. मग श्यामराव. मग सगळे, वर्गात म्हणवून घेते तसे, एका सुरात. एकाचाही उच्चार चुकला नाही.

२४ मे, शनिवार

कोपरापर्यंत गेलंय.

एकच काम राहिलंय. पुस्तक. घनश्याम सरांना म्हटलं, सगळ्या प्रती परत मागवा, त्यात चूक आहे. ते म्हणाले, मॅडम, प्रती तर संपल्या, दुसरी आवृत्ती छापायला टाकली. कोणती चूक सांगा, दुरुस्त करू. मी सांगितलं. खरं सगळं सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं आणि म्हणाले, ऊन फार आहे, तुम्ही आराम करा.

भिंतीवरचा चार्ट फाडला. दुपारी नवा लागला, छापील, रंगीत.

२९ मे, गुरुवार

सकाळी तोंड उघडलं, आवाज नाही. उजवी बाजू सगळी— डॉक्टर इथंच आले. लकवा म्हणाले. आई आली. ॲम्ब्युलन्स केली. पूल— श्वासच बंद— परत फिरवली. दोनदा.

सात नंबरची खाट दिली मला.

आई उशाशी बसून विचारते, कोणाची नजर लागली गं. लिहून सांगायला गेले, तिला माझं डावं अक्षर लागत नाही. ती नुसती कुरवाळते वहीला.

४ जून, बुधवार

मालनबाईनं धान आणलं. उजवी मूठ उघडली, ठेवलं, मिटली. मी मेले नाही अजून, म्हणून उघडली. तीनच्या घंट्या वाजल्या नाहीत आज. पहिल्यांदा.

ती कानाशी म्हणाली, हे शेवटपर्यंत हाती राह्यलं ना बाई, तं सारं तुह्यासोबत संपन. कोनाच्या गळ्यात नाई पडनार. फक्त कोनी शब्द देऊ नाई तुले.

आईनं रक्षाचा फोटो दाखवला. मोठा कोट, मागे हिरवं. हसतेय. दोन्ही हात वर करून, दहा बोटं दाखवतेय मला.

संपू दे. माझ्यापाशीच संपू दे.

९ जून, सोमवार

आई जेवायला गेली. मालनबाई दोन दिवस चिखल्याला, नातीचं लग्न. मुठीत धान आहे. घट्ट.

नवी बॅच आलीये. तृप्ती नावाची एक आहे, कालपासून माझ्याकडे बघते. बाकीच्या पाठ करतात. ही खरंच बोलते. रक्षासारखी—

तीन वाजले. तृप्ती येतेय. हातात माझं पुस्तक. पानात बोट घालून. डोळे भरलेत तिचे. तिला वाटतं मी आज—

खुर्ची ओढली. उजवी मूठ उघडतेय. हळूच. नियम एक. दाणे खाली पडले. ऐकू आले.

तृप्ती, वाच. हे वाच. मोठं लिहितेय—

म्हणू नको

बघतच नाही वहीकडे. डोळ्यांत बघतेय. बरोबर, मीच लिहिलंय, डोळ्यांत—

उजवा हात कळत नाही मला तर आता डावा— हातात असेल ती वस्तू— तृप्ती पेन नको काढू म्हणू नको पोरी म्हणू न